आमच्याकडे पोचलेली प्रिंट

फिल्म चांगली की डिजिटल, हा वाद अजून विझलेला नाही. क्रिस्टोफर नोलन 2018 मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या निमंत्रणावरून मुंबईत आला आणि फिल्मची बाजू मांडून गेला. 2023 मध्ये त्याचा ‘ओपनहायमर’ आला, तेव्हा तो 70 मिलिमीटरच्या आयमॅक्स फिल्मवर दाखवू शकेल असं एकही चित्रपटगृह भारतात नव्हतं. सिनेमावेड्यांना त्याची हळहळ वाटली आणि ती खरी होती. पण चंद्रपूर-गडचिरोलीत बसून या वादाकडे पाहिलं की मला आधी विचारावंसं वाटतं, आपण कोणत्या फिल्मबद्दल बोलतोय? लॅबमधून काल निघालेल्या कोऱ्या प्रिंटबद्दल, की गावोगाव फिरून, झिजून शेवटी आमच्याकडे पोचलेल्या प्रिंटबद्दल?

सिनेमाच्या धंद्यात आपला मुलूख ‘सी.पी. बेरार’ सर्किटमध्ये मोडतो. इंग्रजांचा मध्य प्रांत-वऱ्हाड नकाशावरून कधीच गेला, वितरकांच्या वहीत मात्र राहिला. या सर्किटची पेठ अमरावतीत. एका प्रिंटला पन्नास-साठ हजार रुपये लागायचे, म्हणून प्रिंटा मोजक्याच निघत आणि त्या आधी मोठ्या शहरांत चालत. तिथली गर्दी ओसरली की प्रिंटांच्या पेट्या पुढच्या गावाला निघत. बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, वडसा अशा गावांची पाळी येईस्तोवर गाणी लग्नाच्या बँडवर वाजून जुनी झालेली असत. मराठी सिनेमाचे हाल याहून वाईट. त्याच्या प्रिंटाच इतक्या थोड्या की पुणे, कोल्हापूर, साताऱ्याकडेच त्यांचा हंगाम संपून जाई. वैदर्भीय प्रेक्षक मराठी सिनेमा पाहत नाही, असं पुण्या-मुंबईचे लोक बिनदिक्कत म्हणायचे. पेटीच आली नाही, तर पाहणार काय?

पेटीत काय असायचं, तेही सांगतो. 35 मिलिमीटरची पट्टी, सेकंदाला 24 चित्रं, मिनिटाला 90 फूट. अडीच तासांचा हिंदी सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून लांब. हजार फुटांचं एक रीळ धरलं तर अशी चौदा रिळं. टॉकीजच्या केबिनमध्ये दोन मशिनी शेजारी शेजारी. एकीवरचं रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका क्षणभर चमके, तो पाहून ऑपरेटर दुसरी मशीन सुरू करी. दुसरा ठिपका दिसला की झाकण इकडून तिकडे. खाली बसलेल्या हजार माणसांना कळायचंही नाही.

झेनॉनचे बल्ब येण्याआधी उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटवलेल्या ठिणगीचा होता. कांड्या जळत जळत आखूड होत, त्यांतलं अंतर वाढलं की पडदा पिवळा पडे, म्हणून हात सारखा चाकावर. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांवर असतो. त्यात ही भट्टी, पत्र्याचं धुराडं आणि बंद केबिन. एक जुने ऑपरेटर मला उजवा हात दाखवत म्हणाले होते, “पट्टी तुटली तर दोन मिनिटांत जोडाची जी, नाहीतर खालून शिट्ट्या.” तुटलेली दोन टोकं ब्लेडनं खरवडायची, सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. प्रत्येक जोडात दोन-चार चित्रं कापली जात. गावोगावच्या अशा जोडांनी संवादांतले शब्द गळत, गाण्याची ओळ मधेच उडी मारून पुढे जाई. फिल्मच्या कडेला ध्वनीची रेघ असे, तिच्यावर ओरखडे पडले की सिनेमाभर खरखर. लहानपणी एका टॉकीजमध्ये मी जो सिनेमा पाहिला, त्यातलं शेवटून दुसरं रीळ आलंच नव्हतं. नायक बांधलेला होता आणि एकदम वरात निघाली. कुणी तक्रार केली नाही. आपल्याकडे असंच येतं, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

मला राग आहे तो या धरून ठेवण्याचा. तिकिटाचे पैसे आम्हीही मोजत होतो. सिनेमा जसा बनवला तसा पाहायला मिळणं हा शहराचा हक्क आणि उरलंसुरलं पाहणं हे जंगलातल्या जिल्ह्यांचं नशीब, ही विभागणी फिल्मच्या अर्थशास्त्रातच होती. प्रिंट ही एक वस्तू होती, तिला पोचायला वेळ लागायचा आणि वापरानं ती झिजायची.

डिजिटलनं ती विभागणी मोडली. 2005च्या सुमारास यूएफओ मूव्हीज आणि चेन्नईच्या क्यूब या यंत्रणा लहान गावांच्या टॉकीजमध्ये शिरू लागल्या. यूएफओनं तर सिनेमा उपग्रहावरून थेट छतावरच्या तबकडीत उतरवला. पेटी नाही, जोड नाही, शंभरावा खेळ पहिल्या खेळाइतकाच स्वच्छ. 29 एप्रिल 2016 ला ‘सैराट’ राज्यभर एकाच शुक्रवारी लागला, तो पेट्यांच्या जमान्यात तसा लागूच शकला नसता. ज्या विदर्भाबद्दल मराठी सिनेमा बघत नाही म्हणत, तिथल्या पोरांनी टॉकीजमध्ये उभं राहून नाच केला.

लहान गावांत सुरुवातीला आलेले डिजिटल प्रोजेक्टर हलकेच होते, हेही खरं. हॉलिवूडच्या कंपन्यांनी 2005 मध्ये ठरवलेल्या 2के दर्जाखालचे ते होते. काळा रंग राखाडी दिसे, रात्रीच्या दृश्यात चेहरे चिखलात बुडाल्यासारखे. कोऱ्या प्रिंटमधला अंधार जिवंत असतो, रंगाचे कण हलत असतात, ते या चित्रात नव्हतं. पण कोरी प्रिंट आमच्या वाट्याला कधी आली होती? तुलना करायची तर आमच्या पडद्यावर जे होतं त्याच्याशी करू.

डिजिटलची खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागली. जुनी मशीन मालकाची असे. दातेरी चाक झिजलं तर गावातला लेथवाला नवं करून देई. आता दर खेळामागे पैसे, आणि कुलूपबंद फाइल उघडायला वरून चावी. ती ठरल्या यंत्रावर, ठरल्या तारखांनाच चालते. सर्व्हर बसला तर बाहेरून माणूस येईपर्यंत पडदा बंद. हा भार मोठ्या साखळ्यांनी सहज उचलला, एकपडदा टॉकीजना तो झेपला नाही. चंद्रपुरात जयंत टॉकीज ही पत्त्याची खूण आहे. तालुक्याच्या गावांत टॉकीज पडून गेल्यावरही चौकाचं नाव तेच राहतं. जत्रांमधल्या तंबूटॉकीजचंही तसंच झालं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा 2016 चा माहितीपट महाराष्ट्रातल्या याच फिरत्या टॉकीजचा आहे. यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातात केवढी विद्या होती, हे पाहायचं असेल तर तो पाहावाच.

आणि फिल्म जपायची जागा वेगळी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ती थंडाव्यात नीट ठेवली तर शतकभर टिकते. फाइल मात्र दर काही वर्षांनी नव्या साठवणीत हलवावी लागते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (1913) सगळी रिळं आज हाती नाहीत. गेल्या पंधरा-वीस वर्षांतले मराठी सिनेमे निर्मात्यांच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर असतील, तर त्यांची काळजी मला फाळक्यांच्या रिळांइतकीच वाटते. संग्रहालयाला पैसा मिळालाच पाहिजे. पण दाखवायची गोष्ट आली की मी डिजिटलच्या बाजूनं आहे, आणि गडचिरोलीसाठी तर हट्टानं आहे.

10 ऑक्टोबर 2014 ला समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ प्रदर्शित झाला. कथा हेमलकशातल्या आमट्यांच्या दवाखान्याची, म्हणजे भामरागड तालुक्याची. पण भामरागडच्या माणसाला आपल्याच दवाखान्याची गोष्ट मोठ्या पडद्यावर पाहायची तर दीड-दोनशे किलोमीटर यावं लागणार. अडचण फिल्मची असती तर समजलो असतो. डिजिटल प्रोजेक्टर, पडदा, भोंगे आणि जनित्र एका जीपमध्ये मावतं. लेहसारख्या ठिकाणी 2021 मध्ये हवेनं फुगवलेलं चित्रपटगृह उभं राहिलं, तर एटापल्ली, धानोरा, सिरोंच्याला काय आडवं येतं?

प्रेक्षक मिळणार नाहीत, हे कारण कुणी देऊ नये. दिवाळीनंतर शंकरपटाच्या बैलशर्यती आणि मंडईच्या जत्रांचा हंगाम लागला की वडशाच्या नाटक कंपन्या झाडीपट्टीच्या गावागावांत जातात आणि लोक तिकीट काढून, घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच प्रेक्षकानं पोसलेल्या रंगभूमीची. मंडप तोच, वीज तीच, माणसं तीच. नाटकाच्या रात्री सोडून एखाद्या रात्री तिथे पडदा लावता येईल. तालुक्याच्या सभागृहांत कायमचा प्रोजेक्टर बसवण्याचा खर्च जिल्हा वार्षिक योजनेत मागायला लोकप्रतिनिधींनी कचरू नये.

त्यात आणखी एक सोय आहे, तिचा कुणी विचार केलेला दिसत नाही. फिल्मच्या काळात दुसऱ्या भाषेसाठी अख्खी वेगळी प्रिंट काढावी लागे, कारण आवाजाची रेघ त्याच पट्टीवर. डिजिटलमध्ये चित्र तेच राहतं, आवाजाची फाइल तेवढी बदलते. एक मराठी सिनेमा भामरागडला माडियात आणि धानोऱ्याला गोंडीत ऐकवायला एक स्टुडिओ, बोलणारी पाच-सहा माणसं आणि थोडे दिवस पुरतील. हेमलकशाच्या सिनेमापासून सुरुवात करा. निर्मात्यांची परवानगी, आवाज देणारी तरुण पोरं आणि पुढच्या मंडईच्या आधीची तारीख, एवढंच जुळवायचं आहे.