ऐकू येते, पण कळत नाही

‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत,’ ही तक्रार घरातील ज्येष्ठांच्या तोंडून आपण ऐकली असेल. घरच्यांना ती विसंगत वाटते. ‘हवे तेवढे बरोबर ऐकू येते’ असा शेराही कोणी मारतो. तरंगांचे शास्त्र मात्र तक्रार करणाऱ्याच्या बाजूचे आहे.

ध्वनी म्हणजे हवेतून पसरणारा तरंग. हवा जागच्या जागी पुढेमागे हलते; दूरवर जाते ते कंपन. कंपन किती जोराचे, हा त्याचा आयाम. त्यावर आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो. सेकंदाला कंपने किती, ही वारंवारता. तिच्यावर आवाजाची पट्टी ठरते. हे दोन्ही गुण परस्परांहून स्वतंत्र आहेत, आणि सगळा घोळ तेथेच होतो.

तरुण, निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. वयाबरोबर ही मर्यादा वरच्या टोकाकडून खाली येते. अंतःकर्णातील शंखाकृती नळीत उंच पट्टी टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी तोंडाशीच असतात. बहुधा त्याच आधी झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत.

आता आपली भाषा पाहा. आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस. स, श, फ ही व्यंजने वरच्या पट्टीची आणि मुळातच क्षीण. ‘साठ’मधला ‘स’ गळला की ‘आठ’ उरतो. भाजीच्या दुकानात हा गोंधळ हसण्यावारी जाईल. औषधाच्या मात्रेत जाणार नाही.

मग आपण ओरडतो. ओरडण्याने आयाम वाढतो, तोही मुख्यतः स्वरांचा; नुसता ‘स’ ओरडून म्हणता येतो का, पाहा! शिवाय अशा कानांना मोठा आवाज लवकर बोचतो. ‘ओरडतोस कशाला?’ या प्रश्नात हेकटपणा शोधू नये.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. त्यामुळे १०० हर्ट्झच्या तरंगाची लांबी ३.४ मीटर, तर ४,००० हर्ट्झच्या तरंगाची जेमतेम साडेआठ सेंटीमीटर भरते. लांब तरंग दाराच्या कडेला सहज वळसा घालतात, आखूड तरंग तितके वळत नाहीत. स्वयंपाकघरातून दिलेली हाक बाहेरच्या खोलीत पोहोचते, तिच्यातले वाक्य वाटेत विरते. म्हणून समोर बसून, ओठ दिसतील अशा उजेडात, टीव्ही बंद करून सावकाश बोलावे. औषधाची मात्रा लिहूनच द्यावी.

कानातला मळ तपासून घेतल्यावर श्रवणचाचणी करावी; कोणत्या पट्टीत किती उणीव आहे, हे तिच्या आलेखावर दिसते. श्रवणयंत्रही त्या आलेखानुसारच जुळवून घ्यावे लागते, दुसऱ्याचे उसने चालत नाही. मात्र ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक कमी झाले, विशेषतः एकाच कानाचे, तर ते वयावर ढकलू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. उशिराने उपचारांचा गुण कमी येतो.