मुलांच्या यकृताला मोठ्यांचे माप

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची मान काळवंडून जाडसर दिसू लागली की घरात पहिला उपाय होतो तो घासण्याचा. बेसन, लिंबू, खरखरीत पंचा. पण तो मळ नसतो. बहुतेकदा शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असते, आणि अशा मुलांच्या यकृतात चरबी साठत असण्याची शक्यता मोठी असते. दुखत-खुपत सहसा काहीच नाही. रक्त तपासलेच तर यकृताची अवस्था सांगणारा एसजीपीटी 38 येतो, शेजारी छापलेली मर्यादा 40 च्या आसपासची असते आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून कपाटात जातो. चूक होते ती इथे. ती छापील मर्यादा बहुधा प्रौढांची असते. उत्तर अमेरिकेतील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत मुलींसाठी 22 आणि मुलग्यांसाठी 26 ही कमाल पातळी धरली. त्या मापाने 38 वाढलेलाच आहे. तो पुन्हा तपासायला हवा, कारण शोधायला हवे.

मग सरसकट सगळ्या मुलांना सुया टोचायच्या का? नाही. वजन जास्त असलेली, मान काळवंडलेली, घरात मधुमेह असलेली मुले आधी बघावीत. मात्र वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर ‘वाढीचे वय आहे, उतरेल’ म्हणून सोडून देऊ नये.

औषधच नाही तर तपासून काय उपयोग, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मेटफॉर्मिन आणि ई जीवनसत्त्व मुलांवर वापरून पाहिले गेले. एसजीपीटी टिकाऊपणे उतरवण्यात दोन्ही सरस ठरले नाहीत, असे 2011 मध्ये स्पष्ट झाले. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत फॅटी लिव्हर असलेल्या 40 मुलग्यांपैकी निम्म्यांच्या आहारातून वरची साखर जवळजवळ काढून टाकली. आठ आठवड्यांत त्यांच्या यकृतातील चरबी सरासरी 25 टक्क्यांवरून 17 वर आली. नेहमीचे खाणाऱ्यांची 21 वरून 20. साखरेतील फ्रुक्टोज मुख्यतः यकृतच हाताळते आणि जास्तीचे झाले की त्याची तिथेच चरबी होते, तेव्हा यात आश्चर्य नाही. थंड पेयाच्या 250 मिलीलिटरच्या बाटलीत साधारण 25 ग्रॅम साखर असते. त्या चाचणीत जेवण फुकट पुरवले होते, आपल्याकडे ते होणार नाही, हे खरे. पण तिथे आहार एकट्या मुलाचा नव्हे, अख्ख्या घराचा बदलला होता, आणि ते आपल्याला जमण्यासारखे आहे. मुलाला बिस्किटे बंद आणि बाबांच्या चहाबरोबर पुडा उघडा, असे चालत नाही.

केंद्राने 2021 मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात केला, पण त्यातली सरसकट तपासणी तिशीपासून पुढची. त्याआधीची वर्षे वाया का घालवायची? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत वजन-उंची मोजतातच. त्यांच्या हाती कंबरेसाठी एक टेप द्यावी आणि मान बघायला सांगावे. अठरा वर्षांखालच्यांच्या रिपोर्टवर मुलांचीच मर्यादा छापण्याचे बंधन प्रयोगशाळांवर घालावे. त्यासाठी शासनाला नवे यंत्रही घ्यायचे नाही आणि नवी इमारतही बांधायची नाही.