अभ्यास कोणाच्या वेळेत करायचा?

मंडळी, १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून आमच्या नातलगांत बरीच खडाजंगी झाली. खानदानात पाच-सहा मास्तर असले की दुसरे काय होणार! ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायची. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला असेल तर दोन वर्षांत, नाहीतर घरी. पाचहून कमी उरली असतील तर नोकरी राहील, पण बढती नाही. (अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, तो निराळा.)

परीक्षा हवी की नको, यावर खूप लिहून झाले आहे. शिक्षकाने शिकत राहावे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की या परीक्षेचा अभ्यास कोणाच्या वेळेत करायचा?

पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेला माझा पुतण्या म्हणतो, "काका, आम्ही शनिवार-रविवारी अभ्यास करून सर्टिफिकेशन मिळवतो. फी कंपनी देते, तीही पास झालो तरच. तुम्हा मास्तरांना तर अख्खा मे महिना मोकळा!" बोलणे झोंबले, पण खोटे नाही. मात्र त्याचे सर्टिफिकेट त्याच्या खिशात राहते. उद्या ते दाखवून तो दुसऱ्या कंपनीत जाईल आणि पगार वाढवून घेईल. आमच्या काळीही कितीतरी जणांनी नोकरी करून, बाहेरून बी.ए., एम.ए. केले. पुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.एड. केले. रात्री जागून केले आणि कोणी शाळेकडे वेळ मागितला नाही. फायदा ज्याचा, वेळही त्याचा, हा हिशेब मला मान्य आहे.

पण वीस वर्षे नोकरी झालेल्या बाईंना टीईटी पास होऊन काय मिळते? पगारात एक रुपया वाढत नाही. जे आहे ते राहते, बस. अट मालकाने घातली आणि तीही नेमणुकीनंतर. मग थोडा वेळही मालकाने द्यायला नको का?

गंमत म्हणजे उत्तर कायद्यातच आहे. ज्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या आधारे ही परीक्षा आली, त्याच्याच परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास काम लिहिले आहे, पूर्वतयारी धरून! म्हणजे तयारी हेही काम आहे, असे कायदाच म्हणतो. पाठाच्या तयारीतून परीक्षेच्या तयारीपर्यंत कायद्याला ओढतोय, असे वकील म्हणतील. म्हणोत बापडे.

आता प्रत्यक्षात काय होते? आमच्या पुंडलिकनगरातल्या एक बाई रोज स्कूटीने फुलंब्रीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. शिकवणे बाजूलाच, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदारयादी हे सगळे त्यांच्याच गळ्यात. निकालाने दिलेल्या दोन वर्षांत जनगणनाही आली, २०२६ मध्ये घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये मोजणी. घरी आल्यावर स्वयंपाक, सासूबाईंची औषधे, मुलाची दहावी. पुस्तक उघडायला रात्रीचे साडेदहा होतात. १५० प्रश्न, अडीच तास आणि खुल्या वर्गाला ९० गुण हवेत. पहिलीला अक्षरओळख शिकवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण बालमानसशास्त्रातल्या व्याख्या आणि चार पर्यायांतून एक निवडणे, हे कसब वेगळे आणि ते सरावानेच येते. मे महिन्यात होईल की, म्हणणाऱ्यांनी त्यांचा मे महिना एकदा पाहावा. शिवाय हीच बाई पुरुष असती तर साडेदहाऐवजी सातला पुस्तक उघडले असते, हेही सांगून टाकतो. आमच्या घरच्या मास्तरांना राग आला तरी चालेल.

एक धोका मात्र आहे. वेळ द्या म्हटले की तो मुलांच्या तासांतून जाईल. वर्गाला "शुद्धलेखन काढा" सांगून गुरुजी टेबलावर गाइड उघडून बसले, तर ती सवलत मला नको. वेळ काढायचा तो कागदांतून. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. दोन वर्षे तिचा अर्धा दिवस या तयारीला द्यावा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतली तज्ज्ञ मंडळी शिकवायला यावीत. आठवड्यातून दोन तास कोणतीही ऑनलाइन माहिती मागू नये. सरकारला यात फारसा खर्च नाही. नाहीतर औरंगपुऱ्यातले गाइडवाले आणि क्लासवाले तेवढे सुखी होतील.

एमएस-सीआयटीच्या वेळी काय झाले ते आठवत असेल. मुदतीत न करणाऱ्यांच्या वेतनवाढी रोखल्या, काहींकडून दिलेल्या वसूलही केल्या. पन्नाशीचे गुरुजी शाळा सुटल्यावर क्लासमध्ये माउस धरायला शिकत होते. संगणक शिकले ते चांगलेच झाले, पण शाळेच्या वेळेत एक तास मिळाला असता तर वाईट शिकले असते का?

असो. शेजारच्या बाई आता रविवारी सकाळी माझ्याकडे येतात. मराठीचे तीस प्रश्न माझ्याकडे लागले. इंग्रजीसाठी मी उपयोगाचा नाही. पुंडलिकनगर-गारखेडा भागात कोणी निवृत्त इंग्रजी शिक्षक हे वाचत असतील तर कळवा. चहा आमच्याकडे.