अंडाशयाचे ऑपरेशन : काय काढणार, काय राहणार?

दोन महिन्यांपूर्वी परळच्या एका रुग्णालयाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. नात्यातील १९ वर्षांची मुलगी कोकणातून रात्रीच्या गाडीने आईबरोबर दादरला उतरली होती. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात ८ सेंटिमीटरची गाठ दिसली होती. अंडाशयाचा तेवढा भाग काढावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले होते. आईने आमचा हात धरला. "आपा, गावात कुणाला बोलू नका. रिश्त्याचे बोलणे चालू आहे. एवढे जमून जाऊ दे, मग ऑपरेशनचे बघू."

मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला कुणी काही विचारलेच नव्हते.

अशी घरे पुष्कळ आहेत, म्हणून या महिन्यात हाच विषय घेत आहोत.

पहिली गोष्ट अशी की प्रत्येक गाठ कापायची नसते. अंडाशये दोन असतात, प्रत्येक साधारण बदामाच्या आकाराचे. पाळीच्या चक्रात तिथे पाण्याची लहान पिशवी तयार होते आणि बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. तेव्हा डॉक्टर "पुन्हा सोनोग्राफी करू" म्हणाले, तर ती टाळाटाळ नसते. 'पीसीओडी' म्हणजेही अशी गाठ नव्हे. १९३५ साली अमेरिकेतील स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी त्या विकारात अंडाशयाची फोड कापून काढण्याचा उपाय मांडला आणि पुढे कित्येक वर्षे तो चालला. परंतु कापलेल्या जागी आतील अवयव एकमेकांना चिकटू लागले. आज त्यासाठी आधी वजन, आहार आणि गोळ्या. केवळ पीसीओडीसाठी कुणी ऑपरेशन सुचवले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे.

ऑपरेशन लागते ते गाठ मोठी असेल, विरत नसेल, दुखत असेल किंवा तिच्या स्वरूपाबद्दल शंका असेल तेव्हा. काही गाठींत केस आणि चरबी सापडते, काहींत जुने काळपट रक्त. सीए-१२५ ही रक्ततपासणी वाढलेली दिसली की घरात रडारड सुरू होते. पण पाळीच्या दिवसांत आणि कर्करोग नसलेल्या काही विकारांतही ती वाढते. एका आकड्यावर निष्कर्ष काढू नये.

लपवून दिवस ढकलण्यात मात्र खरा धोका आहे. मोठ्या गाठीमुळे अंडाशयाला पीळ पडू शकतो. एका बाजूला अचानक असह्य कळ येते, उलट्या होतात. अशा वेळी घरगुती शेक घेत बसू नये. त्याच तासाला रुग्णालय गाठावे. रक्तपुरवठा बराच वेळ तुटला, तर जे अंडाशय वाचले असते तेच गमवावे लागते. रिश्त्यासाठी केलेली लपवाछपवी अशी मुलीच्याच अंगावर येते.

आता ऑपरेशनविषयी. बहुतेक वेळा ते दुर्बिणीतून होते. पूर्ण भूल देतात, पोटावर तीन-चार छोटी छिद्रे घेतात, पोटात वायू भरतात आणि गाठ सोलून काढून निरोगी भाग जागेवर ठेवतात. अनेकींना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. त्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो, त्याने घाबरू नये. थोडा रक्तस्राव होऊ शकतो. पुढची पाळी मागेपुढे होऊ शकते. दुर्बिणीनंतर एक-दोन आठवड्यांत हलकी कामे जमतात. पोट उघडून केले असेल तर चार ते सहा आठवडे लागतात. लालबाग-गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या घरांना आमचे सांगणे असे की, या काळात पहाटेच्या पाण्याची बादली घरातल्या पुरुषांनी उचलावी. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, टाक्यातून पू, जास्त रक्तस्राव, थांबत नसलेल्या उलट्या किंवा पोटरीला सूज दिसली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

नमाज बसून किंवा इशाऱ्याने अदा करता येते. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच आहे. तेव्हा औषधाची वेळ चुकवून रोजा धरण्याचा हट्ट नको. ऑपरेशननंतरचे रक्त पाळीचे धरावे की नाही, हा प्रश्न बहिणी संकोचाने गिळतात. रक्त कशामुळे येते हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे आणि मग आलिमांना विचारावे.

आणि ज्या प्रश्नाने आईची झोप उडते तो : मूल होईल का? एक अंडाशय निरोगी असेल, तर पाळी चालू राहू शकते आणि दिवसही राहू शकतात. दुसऱ्याचा वाचवलेला भागही पुष्कळदा काम करतो. काळपट रक्ताच्या गाठी काढताना मात्र बीजांचा साठा कमी होऊ शकतो, म्हणून त्याविषयी आधीच बोलावे. याच परळमध्ये, केईएम रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्यालाही आता किती वर्षे झाली!

म्हणून सहीपूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. नेमके काय काढणार आणि काय ठेवणार? आत वेगळेच काही दिसले, तर तेव्हाच काढणार की मला शुद्धीवर आणून विचारणार? दोन्ही अंडाशये काढण्याची वेळ येऊ शकते का? कारण तसे झाले तर पाळी त्याच दिवसापासून थांबते. आणि गाठीचा तपासणी अहवाल कधी मिळेल? तो घेतल्याशिवाय ऑपरेशन पूर्ण झाले असे समजू नये. खर्चाची अडचण असेल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

सही कुणाची? दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित महिला दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलीखाली होती. बाहेर तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि दोन्ही अंडाशये काढण्यात आली. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने आईची संमती चालत नाही. तिची स्वतःचीच हवी. वडील, शौहर, सासू यांनी सल्ला द्यावा, आधार द्यावा; पण शरीर तिचे आहे.

त्या दिवशी आम्ही हेच मायलेकींना सांगितले. दुसऱ्या खेपेला मुलगी डॉक्टरीणबाईंसमोर स्वतः बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "उरलेला भाग वाचवाल ना?" बाईंनी कागदावर चित्र काढून तिला समजावले. मग तिने सही केली. अल्हम्दुलिल्लाह, अंडाशय वाचले आणि अहवालात कर्करोग आढळला नाही.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. मुलाकडच्यांना ऑपरेशनचे सांगायचे, असे मुलीनेच ठरवले आहे. "ते काय म्हणतील माहीत नाही, आपा," आई म्हणाली, "पण या वेळी आम्ही तिलाच विचारले."