विष कोणत्या फ्लास्कमधले?

शेंगा भरताना पावसाने ताण दिला की मेहकर-लोणार भागात उभे सोयाबीन वाळू लागते. झाड उपटून बुडाची साल नखाने खरवडली तर आत कोळशाची पूड भुरभुरावी तसे काळे ठिपके दिसतात. हा चारकोल रॉट. ज्वारीला खडखड्या आणणारी मॅक्रोफोमिना फॅसिओलिना ती हीच.

ही बुरशी कोणते विष सोडते? कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी १९७०-८०च्या काळात तिच्या कल्चरमधून उष्णतेला दाद न देणारे विष वेगळे केले. ते फॅसिओलिनोन. पुढे २००७ साली मिसिसिपीतल्या सोयाबीनवरची हीच बुरशी वाढवून पाहिली, तर त्यात बोट्रिओडिप्लोडिन सापडले आणि फॅसिओलिनोनचा मागमूस नाही! दोघांपैकी एकाचे चुकले असे मानण्याचे कारण नाही. आयसोलेट बदलले, माध्यम बदलले की बुरशीचे रसायनही बदलते. बुलढाण्याच्या काळ्या जमिनीतली मॅक्रोफोमिना यातले काय बनवते, हे दोन्हीकडचे निबंध चाळून ठरणार नाही. इथली झाडे उपटूनच ते पाहावे लागेल.

आमच्याकडे येणाऱ्या लेखांत मात्र एकच साचा दिसतो. पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथमध्ये बुरशी वाढवली, द्रव गाळला, त्यात बी भिजवले, उगवण घटली, म्हणजे विष सिद्ध. या ब्रॉथमध्ये लिटरला २० ग्रॅम डेक्स्ट्रोज असतो; उरलेली साखर आणि घसरलेला सामूही उगवण रोखू शकतो. बुरशी न घातलेला, तितकेच दिवस ठेवलेला आणि सामू जुळवलेला ब्रॉथ शेजारी नसेल तर आकड्यांना अर्थ काय?

कल्चर फिल्ट्रेटची पद्धत टाकाऊ आहे, असे अजिबात नाही. १९२६ साली कुरोसावा यांनी तैवानमध्ये भाताच्या बाकाने रोगाच्या बुरशीचे फिल्ट्रेट निरोगी रोपांना दिले. रोपे रोगटासारखीच उंच वाढली. त्यातूनच पुढे जिब्रेलिन हाती आले, जे नाशिकचा द्राक्षबागाईतदार आज जीए म्हणून फवारतो. पण तिथे रोगाचे नेमके लक्षण हुबेहूब उमटले होते. उगवण काय, मिठाच्या पाण्यानेही घटते.

पुढच्या अंकापासून आयसोलेटचे गाव व पीक, माध्यम, तापमान, दिवस, सामू आणि कोऱ्या ब्रॉथचे निष्कर्ष नसलेला लेख परत जाईल. रोगट मुळातही तेच संयुग सापडले असेल, तर तो लेख आधी छापू.