काटा तर चौदा दाखवतोय!

गाडीतलं इलेक्ट्रिकल काम बिघडलं की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: बॅटरी बदला. दुसरा उपाय: परत बदला. मधे कुठेतरी मोजून बघायचं असतं, पण ती पायरी का कोण जाणे गाळली जाते. माझं मत साधं आहे. मोजणं हेसुद्धा काम आहे, आणि त्याचे पैसे आपण गिऱ्हाइकांनी स्वतःहून द्यायला हवेत. एवढं ठासून का सांगतोय, ते ऐका.

शहापूरकडच्या एका छोट्या संस्थेची रुग्णवाहिका आहे. पाड्यावरून पेशंट घ्यायचा, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणायचा, गरज पडली तर तिथून पुढे ठाण्याला. हे पन्नासेक किलोमीटर, आणि भिवंडी बायपासचं ट्रॅफिक मी तुम्हाला काय सांगणार! गाडीत दोन बॅटऱ्या. पुढची सेल्फ मारायला आणि दिव्यांना. मागची इन्व्हर्टरमार्फत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालवायला. दोन्हींच्या मधे आयसोलेटर, म्हणजे एक दणकट रिले. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. हेतू हा की मागची बॅटरी पार उतरली तरी गाडी सुरू झाली पाहिजे.

तक्रार अशी, की तासभर गाडी चालवून हॉस्पिटलच्या दारात इंजिन बंद केलं की पाचदहा मिनिटांत इन्व्हर्टर कुँई-कुँई करायला लागतो. आत पेशंट नाकाला नळी लावून बसलेला! मागची बॅटरी वर्षात दोनदा बदलून झालेली. आणि ड्रायव्हरमामांचं म्हणणं, "साहेब, डॅशबोर्डवर काटा तर चौदा दाखवतोय. मग बॅटरीच बोगस!"

काटा खोटं बोलत नव्हता. फक्त तो पुढच्या बॅटरीबद्दल बोलत होता. त्याची वायर डॅशबोर्डमधल्याच इग्निशनच्या लाइनला जोडलेली. व्होल्टमीटर जिथे टेकवाल तिथलंच सांगतो, गाडीभरचं नाही. शहापूरकरांना हे वेगळं समजवावं लागू नये. तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात आहेत, मुंबईचे पेपर पावसाळ्यात त्यांची पातळी छापतात, आणि इथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तलावात किती आहे यावरून हंड्यात किती पडतं ते कळत नाही.

मग मी आणि शहापूरचाच एक ऑटो इलेक्ट्रिशियन, मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन चालू, कॉन्सन्ट्रेटरही चालू. हे महत्त्वाचं, कारण करंट वाहत नसेल तर वायरमधली गळती दिसतच नाही. लोड ३० अँपिअरच्या घरात. पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट. मागच्या बॅटरीच्या टर्मिनलवर थेट टेकवलं तर १२.७! दीड व्होल्ट वाटेतच गायब. मग एकेक तुकडा मोजला. आयसोलेटरच्या दोन बोल्टांमध्ये ०.१, म्हणजे ठीक. पुढून मागे गेलेल्या पाच मीटर पॉझिटिव्ह वायरवर ०.५. आणि मागच्या अर्थिंगवर चक्क ०.९. अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला होता. बॅटरीचा काहीच दोष नव्हता. लेड-ॲसिड बॅटरीला चार्ज व्हायला पावणेचौदाच्या पुढेमागे व्होल्टेज लागतं. ते न मिळाल्याने ती कायम अर्धपोटी राहते, प्लेटवर सल्फेट धरतं, आणि बॅटरी मरते. तिसरी आणली असती तरी तीही मेली असती.

वायरचं गणित शाळेतलंच आहे. ६ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ३ मिलिओहम. पाच मीटरचे १५, गुणिले ३० अँपिअर, झाले ०.४५ व्होल्ट. आम्ही १६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली, आणि अर्थिंगसाठी तशीच दुसरी वायर थेट पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. मागे १३.७ मिळायला लागले.

तुमच्यापैकी कुणी माळशेजला वगैरे कॅम्पिंगला जायला गाडीत दुसरी बॅटरी बसवणार असाल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. व्होल्टमीटरच्या दोन्ही वायरी दुसऱ्या बॅटरीच्या टर्मिनललाच जोडा, पॉझिटिव्हवर बॅटरीलगत छोटा फ्यूज टाकून. मीटरला बटण ठेवा, कारण २० मिलिअँपिअर खाणारा डिस्प्ले महिन्याला १४ अँपिअर-अवर पितो. दोन बॅटऱ्यांमधल्या जाड वायरला दोन्ही टोकांना फ्यूज हवाच. एकीकडचा उडाला तरी दुसरीकडून करंट येतोच, आणि वायर कुठे बॉडीला घासली तर गाडी पेटते. शेवटचं म्हणजे, हल्लीच्या बऱ्याच बीएस-६ गाड्यांत ऑल्टरनेटर मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करतो. तिथे साधा रिले मधेच तुटतो, डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

आता मूळ मुद्दा. मी त्या इलेक्ट्रिशियनला विचारलं, हे आधीच्या कुणी का नाही मोजलं? तो हसला. "दादा, अर्धा तास मीटर लावून बसलो तर गिऱ्हाईक म्हणतं, तू केलंस काय? बॅटरी बदलली की गुपचूप पैसे देतं."

बोला आता! आपण आयटीवाले अख्खा दिवस लॉग वाचतो आणि शेवटी एक ओळ बदलतो. त्या दिवसाचा पगार आपण ओळींवर मोजून घेतो का? मग गॅरेजमध्येच आपल्याला हातात धरता येणारा पार्ट का लागतो? निदान फुकट आणि पार्टला पैसे, असा बाजार आपणच मांडलाय. त्यात समोरचा पार्टच विकणार, त्याला नावं ठेवून काय उपयोग?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'बॅटरी गेली' म्हणालं, की दोनच प्रश्न विचारा. कुठे मोजलंस? आणि मोजायचे किती देऊ? दुसरा प्रश्न विचारलात, तरच पहिल्याचं खरं उत्तर मिळेल.