चिठ्ठी देऊन व्यसन सुटत नाही

हेरॉइन किंवा फेंटानिलचा डोस जास्त झालेला माणूस अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणला जातो, तेव्हा पुढचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. नॅलोक्सोन दिले की मंदावलेला श्वास काही मिनिटांत परत येतो. पण हे औषध नशा एका झटक्यात उतरवते. माणूस शुद्धीवर येतो तो नाक गळत, जांभया देत, पोटात कळा आणि अंगावर काटा अशा अवस्थेत. मुंबईत गर्द ओढणारे या यातनांना ‘टर्की’ म्हणतात. काही तास देखरेख होते, मग व्यसनमुक्ती केंद्रांचे फोन नंबर छापलेला कागद हातात ठेवून त्याला घरी पाठवले जाते. तलफेने तळमळणाऱ्याने तो नंबर फिरवावा, मिळेल ती तारीख घ्यावी आणि तोवर कळ काढावी, अशी व्यवस्थेची अपेक्षा. मॅसॅच्युसेट्स राज्यात ओव्हरडोसमधून वाचलेल्या अशा साडेअकरा हजार रुग्णांचा मागोवा घेतला गेला. वर्षभरात त्यांतले ५.५ टक्के दगावले आणि या मृतांपैकी पाचवा हिस्सा पहिल्याच महिन्यात गेला. म्हणजे सर्वांत धोक्याचा काळ सुरू होतो तो डिस्चार्जनंतर, नेमका रुग्णालयाने हात झटकल्यावर.

त्यामुळे उपचार कॅज्युअल्टीतच सुरू केले तर काय होते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. येल विद्यापीठाच्या डॉ. गेल डिओनोफ्रिओ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ३२९ रुग्णांवरील प्रयोगातून त्याचे उत्तर दिले. एका गटाला नुसती चिठ्ठी दिली, दुसऱ्याला समुपदेशन करून पुढची जोडणी करून दिली, तिसऱ्याला याबरोबर ब्युप्रेनॉर्फिन हे तलफ शमवणारे औषध सुरू केले. महिन्याभराने उपचारात टिकून असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३७, ४५ आणि ७८ टक्के होते. वैद्यकात एवढा ठसठशीत फरक क्वचित दिसतो. पण या प्रयोगाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. दोन महिन्यांनंतरही ही आघाडी टिकून होती. सहा महिन्यांनी आणि वर्षाने मात्र तिन्ही गट जवळपास एका पातळीवर आले. औषध कुचकामी असल्याचा हा पुरावा आहे, असे मला वाटत नाही. तिसऱ्या गटाचे उपचार दहा आठवडे त्याच रुग्णालयाच्या दवाखान्यात चालू होते, त्यानंतर रुग्णांना दुसरीकडे सोपवण्यात आले. कुणीतरी रुग्णाला धरून होते, तोवर रुग्णानेही उपचार धरून ठेवले.

सहयोगी उपचारपद्धतीचा मुद्दा इथे येतो. नैराश्यावरील उपचारांत ती आधीच रुळली आहे. औषध नेहमीचा डॉक्टर लिहितो, अडल्यास मानसोपचारतज्ज्ञ सल्ला देतो, आणि या दोघांच्या मध्ये एक समन्वयक असतो. त्याच्याकडे रुग्णांची यादी असते. कोण आला नाही, कुणाचा डोस संपत आला, हे तो पाहतो आणि स्वतःहून फोन करतो. लॉस एंजेलिसच्या दोन दवाखान्यांत दारू आणि ओपिऑइडच्या (हेरॉइन, फेंटानिलसारख्या पदार्थांच्या) व्यसनासाठी ही पद्धत वापरली, तेव्हा उपचार मिळालेल्यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १७ टक्के, तर या पद्धतीत ३९ टक्के होते. हा प्रयोग कॅज्युअल्टीतला नव्हता, हे खरे. पण ३९ हा आकडाही काही फार मोठा नाही, आणि दवाखान्यात स्वतःच्या पायाने येणाऱ्यांची ही गत असेल तर स्ट्रेचरवरून आलेल्याला त्या फोनची गरज अधिकच असणार.

ब्युप्रेनॉर्फिन देण्यावरचा सर्वांत जुना आक्षेप असा, की ही एक नशा सोडवून दुसरी लावण्याची युक्ती आहे. हे औषधही ओपिऑइडच आहे, त्यामुळे शंका साहजिक आहे. मात्र ते मेंदूतल्या त्याच जागा अर्धवट चेतवून अडवून ठेवते. एका मर्यादेपलीकडे डोस वाढवला तरी परिणाम फारसा वाढत नाही, म्हणून श्वास थांबण्याचा धोका बराच कमी. मॅसॅच्युसेट्समध्येच ओव्हरडोसनंतर हे औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी आढळले, मेथाडोन हे दुसरे औषध घेणाऱ्यांत ५९ टक्क्यांनी. उलट औषधाविना नुसते ‘कोरडे’ करून सोडलेल्या माणसाची सहनशक्ती घटलेली असते आणि जुना डोस त्याच्या जिवावर बेततो. फेंटानिलच्या काळात ब्युप्रेनॉर्फिनने टर्की उसळेल, ही डॉक्टरांची भीतीही तपासली गेली. बाराशे रुग्णांत एक टक्क्याहून कमी जणांना तो त्रास झाला. गोळ्या बाहेर विकल्या जातील, ही भीती मात्र खोटी नाही. त्यावर उपाय थोड्या दिवसांचा पुरवठा आणि नियमित संपर्क हाच आहे, म्हणजे पुन्हा तो समन्वयक आलाच.

डॉक्टरांना वेळ कुठे आहे, हा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. अमेरिकेने त्याचे उत्तर नियम सैल करून दिले. वेदनेसाठी ओपिऑइड गोळ्या लिहायला नेहमीचा परवाना पुरत होता. त्याच गोळ्यांच्या व्यसनातून सोडवणाऱ्या औषधाला मात्र वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी परवानगी! ही अट २०२२ च्या अखेरीस रद्द झाली. त्यानंतर औषध लिहिणारे डॉक्टर वाढले, पण रुग्णांची संख्या त्या मानाने वाढली नाही. कुलूप निघाले तरी दारात कुणी उभे नव्हते. व्यस्त डॉक्टरकडून पहिला डोस आणि दहा मिनिटे मागावीत. बाकीचे काम परिचारिका किंवा समाजसेवकाचे आहे आणि त्यासाठी पगारी पद हवे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सव्वादोन कोटींहून अधिक लोक ओपिऑइड वापरतात आणि समस्येचा निम्म्याहून मोठा भार वाहणाऱ्या मोजक्या राज्यांत आपण आहोत. ब्युप्रेनॉर्फिनही नवे नाही. सुईने नशा करणाऱ्यांसाठीच्या सरकारी केंद्रांत ते मिळते, पंजाबने तर २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून त्याचे वाटप चालवले आहे. आपल्या कॅज्युअल्टीत मात्र असा रुग्ण आधी एमएलसी ठरतो, म्हणजे पोलिसांना कळवण्याची बाब. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते, हे नोंदवहीपाशी त्याला कोण सांगणार? मोठ्या शहरांतल्या महापालिका रुग्णालयांत पाळीगणिक एक समुपदेशक, त्याच्याकडे जवळच्या उपचार केंद्राशी जोडलेली यादी आणि तिसऱ्या दिवशी रुग्णाला करायचा फोन, एवढ्याने सुरुवात करता येईल. आरोग्य खात्याने त्यासाठी नवी इमारत मागू नये.